कौल आणि ओळखपत्र : खानदेशांतील दोन शहरांच्या वसाहतीविषयीं

वस्ती आधीं कीं कागद आधीं, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु राजसत्ता व नगरांतील वस्ती यांचें नातें त्याच्या उत्तरावरच ठरतें, असें धुळें व जळगांव यांच्या इतिहासावरून दिसतें.

कौटिल्यानें जनपदनिवेशाच्या प्रकरणांत भूतपूर्व व अभूतपूर्व असे दोन प्रकार मानिले असून, वसणारांस परिहार म्हणजे करमाफी व अनुग्रह म्हणजे तगाई द्यावी असें सांगितलें आहे. धुळें हें भूतपूर्वाचें उदाहरण. १८०३ च्या दुष्काळांत गांव पार ओस पडलें. पुढील वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें व त्याबद्दल इनाम जमीन मिळविली. इंग्रजी अंमल बसतांच कॅप्टन ब्रिग्ज यांनीं जिल्ह्याचें ठाणें येथेंच केलें. १८१९ सालीं गांवांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. ब्रिग्ज यांनीं घरांसाठीं जागा कायमच्या बिनसाऱ्यानें दिल्या, आणि जुन्या रहिवाशांबरोबर परक्यांसहि पक्कीं घरें बांधण्यास आगाऊ रकमा दिल्या. परिहार व अनुग्रह, दोन्हीं अंगें पुरीं झालीं. ब्रिग्ज यांनीं अर्थशास्त्र वाचिलें असणें शक्य नाहीं. शामशास्त्री यांनीं तो ग्रंथ छापला १९०९ सालीं! पेशवाईंतील पेठांची रीतहि हीच होती : आधीं कौल, मग पेठ.

जळगांव आगगाडीनें व कापसानें वाढलें, आणि १९०६ सालीं पूर्व खानदेशाचें ठाणें झालें. येथें पोटासाठीं आलेल्या मजुरास कौल कोण देणार? त्यानें मिळेल तेथें छप्पर घातलें, आणि दप्तरांत त्याची नोंद ‘अतिक्रमण’ या सदराखालीं झाली. १९७१ सालीं महाराष्ट्रांत झोपडपट्टीविषयक अधिनियम आला. १९७६ सालीं मुंबईंत झोपड्यांची गणना होऊन छायाचित्रासह ओळखपत्रें देण्यांत आलीं. पुढें संरक्षणासाठीं १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, व मागाहून ती १ जानेवारी २००० पर्यंत सरकली. कौल पुढील काळाचें अभय देत असे. ओळखपत्र मागील वास्तव्याचा पुरावा मागतें. क्रम असा उलटल्यामुळें वस्तीस कागदाकरितां नगरसेवकाच्या दारीं जावें लागतें, व मतांचा व्यवहार तेथूनच सुरू होतो, असें माझें मत आहे.

जळगांव नगरपालिकेनें १९९० नंतरच्या दशकांत झोपडपट्टीवासीयांसाठीं घरकुलें बांधण्याचें काम अंगावर घेतलें, तेव्हां सत्ता पुन्हां ब्रिग्जच्या वाटेनें जाणार असें वाटलें असेल. ठरल्यापैकीं थोडींच घरें पुरीं झालीं. सुमारें २९ कोटि रुपयांच्या अपहाराची फिर्याद २००६ सालीं दाखल झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं धुळ्याच्याच विशेष न्यायालयानें ४८ जणांस दोषी ठरविलें. त्यावर उच्च न्यायालयांत अपिलें झालीं.

खटल्याचें दप्तर सरकार सांभाळील. झोपडींतील दप्तर मात्र पत्र्याच्या पेटींत असतें : शिधापत्रिका, विजेचें देयक, घरपट्टीची पावती, मतदारयादीचा उतारा. आमचे कित्येक संग्राहक यांस कागद म्हणावयासहि तयार नाहींत; मोडी नाहीं, शिक्का नाहीं, म्हणून हात लावीत नाहींत. पांझरेच्या १८७२ च्या पुरानें धुळ्यांत शेंकडों घरें पडलीं. त्यांबरोबर ब्रिग्जच्या वेळचे किती कागद गेले असतील? राजवाडे १९२६ सालीं धुळ्यांतच वारले. त्यांच्या नांवाचें मंडळ याच गांवांत आहे. पत्र्याच्या पेट्या तेथून दोन कोसांवरहि नाहींत. मूळ कागद मागूं नयेत, ते धन्यापाशींच राहावेत. नकल करून घ्यावी, व प्रथम १९९५ पूर्वींच्या तारखेचा कागद विचारावा.