काळा पाषाण आणि कचेरीचा अंतर्भाग : एक टिपण

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांकरिता विख्यात आहे. तेथील कारागिरांचे द्रव्य मऊ व घडणसुलभ असले, तरी भोवतालचे डोंगर मात्र कठीण काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे जे थर दख्खनवर पसरले, त्यांचाच हा बेसाल्ट होय. मुंबईची भूमीही मुख्यतः याच कुळातील आहे. व्यापारी कचेरीच्या अंतर्भागास कोणता काळा दगड योग्य, हा प्रश्न सामान्यतः अभिरुचीचा मानला जातो. परंतु मुंबईचा वास्तु-इतिहास त्यास निराळे उत्तर देतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत भिंतींकरिता स्थानिक दगड विपुल वापरला गेला. तथापि बेसाल्ट छिन्नीस सहज वश होत नाही. म्हणून नाजूक कोरीव कामास पोरबंदरचा चुनखडक जवळ करण्यात आला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार इ. स. १८७८ मध्ये आरंभ झालेली बोरीबंदरची वास्तू सुमारे दहा वर्षांत उभी राहिली. ती केवळ स्थानक नव्हे, तर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची मुख्य कचेरीही होती. तिच्या अंतर्भागात इटलीचा संगमरवर व झिलई दिलेला भारतीय निळसर-काळा दगड एकत्र आढळतात. इ. स. १९५१ पासून तेथे मध्य रेल्वेचे मुख्यालय असून, इ. स. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारशात समाविष्ट झाली.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांनी काही थर सच्छिद्र झाले व ती छिद्रे झिओलाइट, कॅल्साइट इत्यादी खनिजांनी भरली. असा दगड घासला असता खळगे उघडे पडतात आणि त्यांत मळ साचतो. घट्ट, सूक्ष्मकणी बेसाल्ट मात्र उत्तम झिलई घेतो. कडप्पा दिसण्यात काळाच. पण तो चुनखडक असल्याने लिंबाच्या रसानेही त्यावर डाग उठतो. बाजारातील ‘काळा ग्रॅनाइट’ बहुधा डोलेराइट वा गॅब्रो असतो. हे दोन्ही खडक बेसाल्टचेच सगोत्र असून, अधिक सावकाश थंड झाल्यामुळे त्यांचे स्फटिक मोठे असतात.

तात्पर्य, रंग एक असला तरी कुळ व घडण भिन्न असू शकते. हा विवेक नव्या कचेऱ्यांपेक्षाही जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत अधिक मोलाचा ठरतो. केवळ काळेपणा पाहून बसविलेली विजातीय फरशी शेजारच्या मूळ दगडाहून निराळ्या गतीने झिजते, आणि इतिहासाचा एक पुरावा नकळत पुसला जातो. म्हणून दगडाचे व्यापारी नाव विचारण्यापूर्वी त्याचा ताजा तुकडा भिंगाखाली पाहावा व त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून परीक्षा करावी, हेच संशोधकास श्रेयस्कर होय.