पुस्तकावर नाव कोणाचे?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिथल्या वर्गात कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवायचा तर पुस्तके कोणती निवडावीत?

फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन हवेच. शेजारी हॅरिएट जेकब्जही हव्यात. मालकापासून सुटण्यासाठी त्या सुमारे सात वर्षे आजीच्या घराच्या माळ्यावर लपून राहिल्या. १८६१ साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनावर त्यांचे नावच नव्हते. पुढे अनेकांनी ती कादंबरी मानली. १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन यांनी पत्रे तपासून खरी लेखिका सिद्ध केली. मी सरकारी कारकून. कागदावर नाव नसलेल्या माणसाचे काय होते ते रोज पाहतो.

मोठ्या मुलांना तिसरे पुस्तक द्यावे ते झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ च्या कादंबरीसारखे, गुलामीनंतरचे जगणे सांगणारे. नाहीतर त्यांना वाटेल, या लोकांचा इतिहास म्हणजे नुसत्या बेड्याच.