मुक्तस्रोत आणि मालकीचे सॉफ्टवेअर : मराठी संगणकव्यवहारातील स्पर्धा

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येते ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. बोलण्यात त्याला ओपन सोर्स म्हणतात. मालकीच्या सॉफ्टवेअरची आज्ञावली कंपनीच्या हाती राहते आणि ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळतो. या दोहोंतली स्पर्धा जगभर किंमत, सुरक्षितता आणि बाजारातील वर्चस्व यांवरून चालली. मराठीपुरता मात्र मुख्य प्रश्न वेगळा होता : संगणकावर लिहिलेला मजकूर शेवटी कोणाच्या ताब्यात राहतो? तो प्रश्न धुळे शहराच्या देवपूर भागासारख्या ठिकाणी कसा उभा राहिला आणि कितपत सुटला, हे या नोंदीत पाहिले आहे.

पार्श्वभूमी : सुरुवातीच्या काळात प्रोग्राम यंत्राबरोबर येत आणि अभ्यासक ते एकमेकांना सहज देत. १९७६मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून विनापरवाना प्रती करण्याला हरकत घेतली; सॉफ्टवेअर ही विकत घेण्याची वस्तू आहे, ही भूमिका तेव्हापासून ठळक झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८५मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती आली. १९९१मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८मध्ये रूढ झाले. २००१मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांचे सर्वांत मोठे भांडार असलेले गिटहब ७.५ अब्ज डॉलरना विकत घेतले. सर्व्हर आणि मोबाइल फोन यांच्या मुळाशी आज बहुतेक ठिकाणी लिनक्सचा गाभा आहे. कार्यालयातील मेजावर मात्र विंडोजचेच राज्य राहिले.

भारतातील धोरण : २८ मे २००३ रोजी पुण्यातील इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीत बोलताना राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भारताने मुक्तस्रोताची कास धरावी, असे आवाहन केले. सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेविषयी बिल गेट्स यांच्याशी बोलताना मते जुळली नाहीत, हेही त्यांनी तेथे सांगितले. केंद्र सरकारने २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. महाराष्ट्रात २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम घरोघर पोहोचला. गावोगावच्या लोकांना संगणकाची भीती मोडून काढायला त्याने शिकवले, हे त्याचे मोठे काम. पण त्याचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर असल्यामुळे ‘संगणक येतो’ म्हणजे ‘वर्ड-एक्सेल येते’, असे समीकरण एका पिढीच्या मनात पक्के झाले.

मराठी फॉन्ट आणि कुलूप : मराठी अक्षरे पडद्यावर आणि कागदावर आणण्याचे पहिले मोठे काम मालकीच्या उत्पादनांनीच केले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड आणि आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सायबरस्केपची आकृती यांच्यावाचून १९९०च्या दशकातील मराठी वृत्तपत्रे, पुस्तके आणि लग्नपत्रिका निघाल्या नसत्या. अशा पॅकेजबरोबर बहुधा एक डोंगल येई. तो संगणकाला लावल्याशिवाय काम सुरू होत नसे.

खरे कुलूप मात्र डोंगलमध्ये नव्हते. त्या काळचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून तयार केलेले होते. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ असे टंकले की फाइलमध्ये साठवली जातात ती ई, जे, के, बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे : ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दुसरी वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी होते आणि निरर्थक रोमन अक्षरे उरतात. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, आयएसएमची आणखी वेगळी. त्यामुळे एका दुकानातील फाइल दुसऱ्या दुकानात उघडत नसे; मजकुरात शोध घेता येत नसे; शब्द अकारविल्हे लावता येत नसत. लेखकाने आपल्या हाताने लिहिलेले पुस्तक पुन्हा उघडायचे तर त्यालाच विशिष्ट कंपनीचा परवाना लागे. ग्राहकाला बांधून ठेवण्याचा दोष फक्त कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही. सर्वमान्य संकेत वापरात नव्हता तोवर दुसरा मार्गही नव्हता. परंतु संकेत उपलब्ध झाल्यानंतरही अनेक वर्षे जुन्या फॉन्टवरच काम चालू राहिले आणि मराठी मजकुराचा मोठा साठा त्यातच अडकून पडला.

युनिकोड : भारतीय लिप्यांसाठी १९८८मध्ये इस्की हा संकेत तयार झाला आणि १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो : र म्हणजे ०९३०, ठ म्हणजे ०९२०, दुसरी वेलांटी म्हणजे ०९४०. फॉन्ट कोणताही लावला तरी मजकूर मराठीच राहतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. युनिकोड हे खुले मानक आहे. ते म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नव्हे. ते सामान्य मराठी माणसापर्यंत पोहोचवले ते विंडोज २०००ने आणि त्यातील मंगल या फॉन्टने. हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. म्हणजे मराठीची सुटका करण्यात मालकीच्या सॉफ्टवेअरचाही वाटा आहे. दोन पक्षांच्या या झगड्यात खुले मानक ही दोघांना लागू असलेली समान भूमी आहे आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

मुक्त फॉन्टांची वाटचाल : मानक मिळाले तरी सुंदर, परवडणारे आणि मराठी वळणाचे फॉन्ट हवेच होते. मुंबईतील इंडिक्ट्रान्स गटाने गार्गी हा युनिकोड फॉन्ट जीपीएल परवान्याखाली दिला. रेड हॅटने लोहित फॉन्टांची मालिका मुक्त केली. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, मुंबई आयआयटीतून आलेला शोभिका, मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट आज कोणालाही विनामूल्य घेता येतात, पुस्तकात छापता येतात आणि बदलताही येतात.

बदलता येण्याचे मोल एका उदाहरणावरून कळते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा र चंद्राच्या कोरीसारखा. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही. मराठीला ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’ असे पावलोपावली ते लागते. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्तायुक्त ऱ, त्यानंतर हलन्त आणि पुढचे अक्षर अशी मांडणी होते. पडद्यावर योग्य आकार दाखवण्याचा नियम फॉन्टच्या आत लिहावा लागतो. तो नियम चुकला तर मालकीच्या फॉन्टच्या ग्राहकाने तक्रार करून पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. मुक्त फॉन्टमध्ये जाणकार माणूस तो स्वतः दुरुस्त करून सर्वांना देऊ शकतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, त्यांच्याबाबतही हेच.

देवपूर आणि धुळे : पांझरा नदीच्या दक्षिण तीरावर जुने धुळे आणि उत्तर तीरावर देवपूर. बापूसाहेब शिवाजीराव देवरे अभियांत्रिकी महाविद्यालयासह अनेक शिक्षणसंस्था या भागात असल्यामुळे विद्यार्थी, खोल्या, झेरॉक्स आणि डीटीपीची दुकाने यांची येथे दाटी आहे. या स्पर्धेची सगळी अंगे अशा वस्तीत एकत्र दिसतात.

डीटीपीचे काम दीर्घकाळ पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर चालले. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड कळत नाही. म्हणून मोबाइलवर युनिकोडमध्ये आलेला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून जुन्या फॉन्टमध्ये न्यायचा, जोडाक्षरे तपासायची आणि मग पत्रिका लावायची, असा उलटा प्रवास दुकानदाराला करावा लागतो. मुक्तस्रोतात स्क्रायबस आणि इंकस्केप आहेत, पण हात बसलेला कारागीर गर्दीच्या मोसमात नवे साधन शिकायला बसत नाही. सवय हेच येथे मालकीच्या सॉफ्टवेअरचे सर्वांत मोठे बळ आहे.

अभियांत्रिकी शिक्षणात चित्र वेगाने बदलले. सी भाषेची प्रात्यक्षिके वर्षानुवर्षे टर्बो सीवर करून घेतली जात. आता जीसीसी आणि पायथन सर्वत्र आहेत. महागड्या मॅटलॅबला सायलॅबचा पर्याय शिकवण्यासाठी मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाने मोठे काम केले. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. ज्याची फी जेमतेम भरली जाते त्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याच्या हातातलेच साधन, त्याच क्षणी, पूर्ण क्षमतेने मिळते. खानदेशासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने मुक्तस्रोताचे हे सर्वांत मोठे देणे आहे.

व्यापारी पेढ्यांत टॅली या हिशेबाच्या मालकीच्या सॉफ्टवेअरचा जम पक्का आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे त्याच क्षेत्रातील मुक्तस्रोत उत्पादन. ग्रंथालयांत पुण्याच्या अल्गोऱ्हिदम्सचे स्लिम आणि इन्फ्लिबनेटचे सोल यांच्यासमोर न्यूझीलंडमध्ये २०००मध्ये सुरू झालेले कोहा उभे आहे. केंद्र सरकारच्या एनआयसीचे ई-ग्रंथालय ग्रंथालयांना विनामूल्य मिळते, पण मुक्तस्रोत नाही. फुकट आणि मुक्त या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यावरून ध्यानात येते.

चोरटी प्रत : छोट्या शहरांत मुक्तस्रोताचा खरा प्रतिस्पर्धी पेटीबंद विकत घेतलेले सॉफ्टवेअर कधीच नव्हते, ती होती क्रॅक केलेली प्रत. संगणक जुळवून देणाराच विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप ‘टाकून’ देई, त्यामुळे किमतीचा फरक ग्राहकाला जाणवतच नसे. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामला वाङ्मयीन कृतीचे संरक्षण मिळाले. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३बप्रमाणे कैद आणि दंडाची तरतूद आहे. चोरट्या प्रतीने कंपनीचे उत्पन्न बुडाले, पण तिच्या उत्पादनाची सवय फुकटात पसरली. वापरणाऱ्याला अपडेट मिळेना, व्हायरसचा उपद्रव वाढला आणि मुक्त पर्याय शिकण्याची गरज कोणालाच भासली नाही.

परवाना आणि शिस्त : मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. पांझरेच्या पाण्यावर शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे असते, पण कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे आणि पाटकऱ्याला काय द्यायचे हे ठरलेले असते. मुक्तस्रोताचा परवानाही तसाच नियम घालून देतो. जीपीएलखालचा प्रोग्राम सुधारून दुसऱ्याला दिला तर सुधारलेली आज्ञावलीही खुली करावी लागते. एमआयटी या दुसऱ्या मुक्त परवान्यात तसे बंधन नाही. देखभालीचा खर्च मात्र कोणत्याही परवान्याने टळत नाही. बिघाड झाला की फोन कोणाला करायचा, हा मालकीच्या सॉफ्टवेअरची बाजू घेणाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर स्थानिक जाणकार तयार करण्यात आहे, आणि देवपुरात दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुले ते काम गावात राहून करू शकतात.

जतन : मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा. विश्वकोशाचे खंड पुढे युनिकोडमध्ये इंटरनेटवर आले, म्हणून ते आज शोधता येतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर मीडियाविकी या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवरच उभा आहे. धुळ्यातील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७मध्ये स्थापन झाले. राजवाड्यांनी आयुष्यभर दप्तरे धुंडाळून जी कागदपत्रे गोळा केली त्यांतील मोठा भाग मोडी लिपीत आहे. मोडीच्या फॉन्टला बाजार नाही. विक्रीच्या हिशेबाने तो कोणी बनवावा असे कारण नाही. २०१४मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि नोटो मालिकेतील मोडी फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. जे विकले जात नाही तेही टिकावे लागते, आणि तेथे मुक्त मानक व मुक्त साधन यांना पर्याय नाही.

सद्यःस्थिती : स्पर्धेचे मैदान आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सरकले आहे. मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारत गटाने मराठीसह २२ भारतीय भाषांसाठी इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचे प्रतिमान २०२३मध्ये मुक्तपणे दिले. मोठ्या कंपन्यांची प्रतिमाने मात्र बहुधा बंद असतात. काही उतरवून घेता येतात, पण ती कशावर शिकवली गेली हे सांगितले जात नाही. कशाला मुक्त म्हणावे हे ठरवण्यासाठी ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४मध्ये मुक्तस्रोत कृत्रिम बुद्धिमत्तेची व्याख्या प्रसिद्ध केली.

साधन कोणतेही घ्यावे. चांगल्या मालकीच्या साधनाला पैसे मोजण्यात गैर काही नाही. मात्र शाळा, ग्रंथालय, नगरपालिका किंवा छापखाना यांनी ते घेण्यापूर्वी आपला मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात पूर्णपणे बाहेर काढता येतो ना, हे लेखी विचारून घ्यावे. होकार मिळत नसेल तर ते साधन मराठीच्या उपयोगाचे नाही. एकदा कुलूपबंद झालेल्या मजकुराची किंमत मराठीने दोन दशके मोजली आहे. ध्वनी आणि भाषांतराच्या नव्या साधनांबाबत ती पुन्हा मोजण्याचे कारण नाही.