कर्करोगानंतरच्या तपासण्या आणि विमा

कर्करोगावरील उपचार संपले, तरी खर्च संपत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर पहिली काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी लागते. हा भार बहुधा रुग्णाच्या खिशावरच पडतो.

कारण आरोग्यविमा प्रामुख्याने रुग्णालयातील वास्तव्यासाठी असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत घरी परतल्यानंतरचा संबंधित खर्च ६० दिवसांपर्यंतच मिळतो. केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास दावा ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे पॉलिसीत ओपीडी खर्चाची तरतूद आहे का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. पूर्वी दावा केला, एवढ्या कारणावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. नवी पॉलिसी घेताना आजार लपविल्यास पुढे दावाच फेटाळला जाऊ शकतो. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी २०२४ पासून कमाल ३६ महिने करण्यात आला आहे.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना कर्करोगाच्या उपचारखर्चावर ४० हजार रुपयांपर्यंत, तर रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. विम्यातून मिळालेली रक्कम मात्र त्यातून कमी केली जाते.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. अशा वेळी तारखेनुसार जपलेली बिले, अहवाल आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्याच उपयोगी पडतात.