वेबवरच्या दुकानातील पिशवी

डोंबिवलीचा वाणी गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखतो. वेब मात्र मुळात विसराळू! प्रत्येक पान मागताना आपण सर्व्हरला नवखेच. मग निवडलेला माल पिशवीत टिकावा कसा? १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी तोड काढली: ओळखीची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवायची. हीच ‘कुकी’. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे ही युक्ती आधीच तयार होती.

पुढे कल्याणच्या एका फराळवाल्या बाईंच्या संकेतस्थळावर मी अशी पिशवी बसवली. चकली घातली की लाडू गायब! ऐन दिवाळीत मागण्या बुडू लागल्या. चूक माझीच होती. काही पानांच्या पत्त्यात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ होते, काहींत नव्हते; ब्राउझरला ती दोन वेगळी दुकाने वाटत, म्हणून एकाची चिठ्ठी तो दुसऱ्याला दाखवीत नसे.