तबकडी दीर्घिकांचे बाह्य प्रदेश

तबकडी दीर्घिकांचे बाह्य प्रदेश म्हणजे सर्पिलाकार व तत्सम चपट्या दीर्घिकांच्या तेजस्वी भागापलीकडील विरळ पट्टे होत. येथे तारे तुरळक, तर हायड्रोजन वायू तुलनेने विपुल असतो. दीर्घिकेची वाढ या भागात दीर्घकाळ चालू राहते. त्यामुळे तिच्या जडणघडणीच्या अभ्यासात त्यास विशेष महत्त्व आहे.

रचना

केंद्रापासून दूर जाताना तबकडीची तेजस्विता घातांकी नियमाने घटते, असे केन फ्रीमन यांनी १९७० मध्ये दाखवले. अनेक दीर्घिकांत ठरावीक अंतरानंतर ही घट तीव्र होते, तर काहींत ती मंदावते. उदासीन हायड्रोजन मात्र ताऱ्यांच्या कडेपलीकडेही पसरलेला असतो. तो २१ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींद्वारे ओळखता येतो.

निर्मिती व उत्क्रांती

प्रचलित सिद्धांतानुसार तबकडी आतून बाहेर वाढते. कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलातील कमी कोनीय संवेगाचा वायू आधी केंद्राजवळ स्थिरावतो, तर अधिक कोनीय संवेगाचा वायू नंतर दूरवर स्थिरावतो. त्यामुळे बाहेरील तारे सरासरीने तरुण असतात. तथापि काही दीर्घिकांच्या अगदी कडेला पुन्हा वृद्ध तारे आढळतात. सर्पिल भुजांच्या गुरुत्वीय प्रभावामुळे तारे जन्मस्थानापासून हळूहळू बाहेर सरकतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. सामावल्या गेलेल्या लहान दीर्घिकांचे तारेही येथे मिसळतात.

विरळ वायूत ताऱ्यांची निर्मिती कठीण मानली जात असे. परंतु २००५ मध्ये ‘गॅलेक्स’ या अतिनील अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एम ८३ दीर्घिकेच्या दृश्य कडेपलीकडे तरुण तारकासमूह असल्याचे दिसून आले.

पुणे जिल्ह्यातील संशोधन

चाकणच्या उत्तरेस, पुणे–नाशिक मार्गावरील नारायणगावाजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व इगोर कराचेंत्सेव यांनी तिच्या साहाय्याने एनजीसी ३७४१ या सुमारे १ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या बटू दीर्घिकेचा अभ्यास केला. तिची हायड्रोजन तबकडी दृश्य (होल्मबर्ग) त्रिज्येच्या सुमारे ८.३ पट पसरलेली असल्याचे त्यांनी २००५ मध्ये नोंदवले. या वायूच्या परिभ्रमणवेगावरून दीर्घिकेत कृष्णद्रव्याचे प्राबल्य असल्याचे स्पष्ट झाले.

पुण्यातील ‘आयुका’ संस्थेच्या कनक साहा यांचा सहभाग असलेल्या गटाने ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीतून ११ दूरस्थ निळ्या बटू दीर्घिकांचे निरीक्षण केले. त्यांच्या कडेला तारे निर्माण करणारे पुंजके आढळले. हे पुंजके आत सरकत दीर्घिकेचा दृश्य भाग घडवतात, असा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला.