क्षिप्रेच्या काठावर अँटिबायोटिकचा माग : उज्जैनमधल्या संशोधनात काय सापडलं?

उज्जैन : जळगाव, बुऱ्हाणपूर, अकोल्याकडून महाकालच्या दर्शनाला जाणाऱ्यांना उज्जैन म्हणजे देऊळ, रामघाट आणि परतीची गाडी, एवढंच माहीत असतं. आपलं तिथलं नातं तसं जुनं. महाकालेश्वराचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं, आणि 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी इथंच होती. पण गेल्या वीसेक वर्षांत हे शहर वेगळ्याच कारणाने जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत येतंय. ते कारण म्हणजे अँटिबायोटिक. डॉक्टर किती लिहितात, शरीरातून बाहेर पडल्यावर ती जातात कुठे, आणि त्यांना न जुमानणारे जंतू कुठे कुठे सापडतात, हा तो अभ्यास. वैद्यक, रसायनशास्त्र, सांडपाण्याचं इंजिनिअरिंग आणि गावपातळीवरचं काम असं सगळं त्यात एकत्र आलंय. म्हणून ही माहिती एका जागी.

कोण करतंय हे काम?

उज्जैनजवळ सुरासा इथे 2001 मध्ये सुरू झालेलं आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेज हे या कामाचं केंद्र. सोबत स्वीडनमधली कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट. वैद्यकातलं नोबेल कोणाला द्यायचं हे जिथले प्राध्यापक ठरवतात, तीच संस्था. शोधनिबंधांवर विशाल दिवाण, आशीष पाठक, मंजू पुरोहित, स्वीडनच्या सिसिलिया स्टॉल्सबी लुंडबोर्ग ही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. त्यात दोन नावं आपल्याकडची वाटावीत अशी आहेत, कल्पना महाडिक आणि अशोक ताम्हणकर. सांडपाण्याच्या नैसर्गिक शुद्धीकरणाचं काम मात्र त्याआधीचं आणि वेगळ्या ठिकाणचं, 1957 साली स्थापन झालेल्या विक्रम विद्यापीठातलं. त्याबद्दल पुढे येईलच.

843 चिठ्ठ्या आणि त्यातल्या सहा

सुरुवात जुलाबापासून करू, कारण हा विषय प्रत्येक घरातला आहे. उज्जैनमध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जुलाबावर डॉक्टरांनी लिहिलेल्या 843 चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. निबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या जुलाबावर जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अगदी छोटा आहे : जलसंजीवनी, म्हणजे आपण ज्याला ओआरएस म्हणतो ती, आणि सोबत झिंकच्या गोळ्या. बस्स. तर फक्त हेच आणि जादा काही नाही, अशा चिठ्ठ्या निघाल्या सहा. टक्के नव्हे, सहा चिठ्ठ्या.

बाकीच्यांत काय होतं? 58 टक्के चिठ्ठ्यांवर जलसंजीवनी होती पण झिंक नव्हतं. 22 टक्क्यांवर दोन्ही होतं, पण त्यासोबत सल्ल्यात न बसणारी इतर औषधंही होती. आणि 71 टक्क्यांवर अँटिबायोटिक. म्हणजे साधारण सहाशे मुलांना ते लिहून दिलं गेलं. सगळ्यात जास्त लिहिलेलं तोंडावाटे घ्यायचं अँटिबायोटिक होतं ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची एकत्र गोळी किंवा सिरप. एकूण अँटिबायोटिकांत त्याचा वाटा 22 टक्के. अभ्यासकांनी या जोडीला सरळ अतार्किक म्हटलंय. एक औषध जिवाणूंवर, दुसरं अमिबासारख्या परजीवींवर. काय झालंय ते कळलं नाही तर दोन्हीकडे गोळी झाडायची, असा तो प्रकार. लहान मुलांचे बरेचसे जुलाब रोटाव्हायरससारख्या विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर या दोन्हींचा काडीचाही परिणाम नाही.

दोष फक्त डॉक्टरांचा, असं मला वाटत नाही. नुसतं मीठ-साखरेच्या पाण्यासारखं काही देऊन घरी पाठवलं तर आपणच म्हणतो, "ह्या डॉक्टरला काही येत नाही, गोळीसुद्धा दिली नाही." 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच पाणी पाजलं, आणि कॉलऱ्याचे मृत्यू 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. एवढी ताकद असलेली वस्तू इतकी स्वस्त आहे, कदाचित म्हणूनच तिला मान नाही.

दवाखान्याच्या गटारात काय मिळालं

पुढचा प्रश्न रसायनशास्त्राचा. घेतलेलं औषध शरीरात पूर्ण संपत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचंच घ्या, तोंडावाटे घेतलेल्या मात्रेचा 40 ते 50 टक्के भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. मग तो जातो गटारात.

2009 मध्ये उज्जैनच्या अभ्यासकांनी रुग्णालयाच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. लिटरला 1.4 ते 236.6 मायक्रोग्रॅम. मी कॉमर्सचा माणूस, मायक्रोग्रॅम म्हटलं की काही अंदाज येत नाही, म्हणून हिशेब करून पाहिला. 500 मिलिग्रॅमची एक गोळी साधारण 2,100 लिटर पाण्यात विरघळवली की वरचा आकडा येतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या आणि वर थोडं. ऐकायला कमी वाटतं. पण एवढं पातळ औषध जंतूला मारायला पुरत नसलं तरी त्याला सराव द्यायला पुरू शकतं, आणि चिंता त्याचीच आहे.

एवढ्याशा प्रमाणातलं औषध पकडायचं कसं? आधी पाणी एका खास भुकटी भरलेल्या नळीतून सोडतात. औषध भुकटीला चिकटतं, बाकीचं वाहून जातं. मग चिकटलेलं औषध थोड्या द्रावकात उतरवून घेतात आणि ते यंत्र रेणूच्या वजनावरून कोणतं औषध किती आहे ते सांगतं.

2010 चा निबंध जास्त बोलका आहे. उज्जैनबाहेरच्या एका शिक्षण रुग्णालयात सात अँटिबायोटिक निवडली. रुग्णांना किती लिहिली ते नोंदींवरून काढलं आणि त्याच रुग्णालयाचं पाणी तपासलं. नळाच्या पाण्यात आणि भूजलात एकही औषध सापडलं नाही, ही चांगली बातमी. सांडपाण्यात मात्र जे औषध सर्वांत जास्त लिहिलं गेलं, सिप्रोफ्लॉक्सासिन, तेच सर्वांत जास्त निघालं. दुपारच्या नमुन्यांत सकाळपेक्षा औषधांची संख्याही जास्त आणि प्रमाणही.

इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. गंमत पुढे आहे. अमिकासिन हे इंजेक्शनचं औषध सांडपाण्यात अजिबात मिळालं नाही, पण त्याच पाण्यातले ई-कोलाय जंतू अमिकासिनला दाद देत नव्हते. उलट सिप्रोफ्लॉक्सासिन भरपूर होतं, तरी जंतू त्याला प्रतिरोधक नव्हते. म्हणजे "जिथे औषध, तिथे प्रतिकार" इतकं हे गणित सोपं नाही. जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात, ती आतड्यातून आयती येऊ शकतात, आणि औषध विरून गेलं तरी ती राहतात. शिवाय प्रत्येक औषधाचं पाण्यातलं आयुष्य वेगळं. अमॉक्सिसिलीनची रेणूतली कडी पाण्यात लवकर तुटते. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्याने तुटत नाही, गाळाला चिकटून बसतं, त्याला मोडतं ते मुख्यतः ऊन. म्हणून नुसतं पाणी तपासून भागत नाही, तळचा गाळही काढावा लागतो.

नदीतले सात टप्पे

गाळ काढला तो क्षिप्रेत. उज्जैनमध्ये नदीवरच्या सात ठिकाणांहून 2014 मध्ये उन्हाळा, पावसाळा, शरद आणि हिवाळा अशा चारही ऋतूंत पाणी आणि गाळ घेतला गेला. निष्कर्ष 2018 मध्ये आले. नदीत औषधांचे अंश मिळाले, त्यात सल्फामेथोक्साझोल वारंवार. प्रतिरोधक ई-कोलाय पाण्यातही होते, गाळातही, आणि ऋतूप्रमाणे सगळं बदलत होतं. त्यामुळे एकदाच बाटली भरून "नदी स्वच्छ" किंवा "नदी घाण" म्हणणाऱ्या बातम्या, आमच्यासकट, थोड्या जपूनच वाचाव्यात.

क्षिप्रेचं दुखणं समजायला नकाशा पाहा. इंदूरचं सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या अंगाला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. क्षिप्रेचा स्वतःचा प्रवाह पावसाळ्यानंतर आटतो, म्हणून फेब्रुवारी 2014 मध्ये ओंकारेश्वरकडचं नर्मदेचं पाणी जोडयोजनेतून तिच्या उगमाजवळच्या उज्जैनी गावात सोडायला सुरुवात झाली. सरळ सांगायचं तर स्नानाच्या पाण्यात तीन गोष्टींची मिसळ असते : नर्मदा, क्षिप्रा आणि शहरांचं सांडपाणी. कोणत्या दिवशी कशाचं प्रमाण किती, त्यावर सगळं ठरतं.

नरकुलाचा वाफा

आता विक्रम विद्यापीठाकडे. तिथले प्रा. सुरेश बिल्लोरे आणि सहकाऱ्यांनी उज्जैनच्या रवींद्रनगर वसाहतीत सांडपाण्यासाठी खडीचा मोठा वाफा केला आणि त्यात नरकुल लावलं. आपण ज्याला नळ म्हणतो, ओढ्याकाठी वाढणारं ते उंच गवत. सांडपाणी एका टोकाने आत जातं, खडीतून पृष्ठभागाच्या खालून आडवं सरकतं आणि दुसऱ्या टोकाने निघतं. पाणी वर दिसतच नाही, त्यामुळे डास नाहीत, वासही कमी. मुळांभोवती थोडा प्राणवायू मिळतो, खडीवर जिवाणूंचा थर बसतो आणि तोच घाण खातो. वीज जवळपास लागत नाही.

1999 च्या निबंधात तरंगणारी घाण आणि अमोनिया 78 टक्क्यांनी, तर बाकीचे प्रमुख घटक 58 ते 65 टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. पुढे 2009 मध्ये याच गटाने क्षिप्रेच्या पाण्यासाठी तरंगत्या नरकुल-वाफ्यांचा प्रयोग मांडला. हे वाफे अँटिबायोटिक काढायला बनवलेले नव्हते, तेव्हा त्यांच्याकडून ती अपेक्षा धरू नये. जागा लागते, खडी काही वर्षांनी गाळाने भरते, गवत कापावं लागतं. पण ग्रामपंचायतीला झेपेल असं तंत्र आहे. आपल्याकडे गावाच्या शेवटच्या गटाराचं पाणी जिथे नाल्यात सोडून देतात, तिथे एवढी जागा बहुतेक असतेच.

सहा गावं, 125 मुलं

शहर झालं, नदी झाली, राहिलं गाव. या अभ्यासाचा आराखडा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. उज्जैन जिल्ह्यातली सहा गावं, सुरुवातीला एक ते तीन वर्षं वयाची 125 मुलं, आणि दोन वर्षं पाठपुरावा. मुलांची शौच, घरची जनावरं, पिण्याचं पाणी, सांडपाणी, सगळ्याचे नमुने पुन्हा पुन्हा. मूल कधी आजारी पडलं, काय औषध दिलं, याची नोंद वेगळी.

कारण साधं आहे. गावात मूल, म्हैस, हंडा आणि मोरी यांच्यात अंतर किती? काही पावलं. जंतू त्यांच्यात ये-जा करतो, मग उपचार फक्त माणसाचा करून काय होणार? 2017 मध्ये या गावांच्या कामातून आलेल्या निबंधात माणूस, जनावर आणि पाणी या तिन्हींकडचे प्रतिरोधक जंतू नोंदवले गेले. ज्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्याची पायरीही माहीत नाही, त्यांच्या अंगणातही ते पोचलेत.

जगाचा आकडाही सांगून ठेवतो. 2019 या एका वर्षात जिवाणूंच्या औषध-प्रतिकारामुळे थेट 12.7 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. भारताने 2017 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. राज्यांत केरळने 2018 मध्ये पहिला केला आणि 2019 मध्ये मध्य प्रदेश दुसरा. सांडपाण्याचं घोडं मात्र अडलेलं आहे. औषध कारखान्यांच्या पाण्यातल्या अँटिबायोटिकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी 2020 मध्ये आणला, 2021 च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा राहिल्या नाहीत.

घरी उपयोगी पडेल ते

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेषा असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मेडिकलवाल्याने "दोन दिवस घेऊन बघा" म्हटलं तरी नाही. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. उरलेली अर्धी पट्टी डब्यात ठेवून पुढच्या तापाला काढणं, हे आमच्या घरीही वर्षानुवर्षं चाललं. आणि उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका. त्या कुठे जातात ते वर लिहिलंच आहे.

लहान मुलाला जुलाब लागले तर जलसंजीवनीचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा आणि 24 तासांच्या आत वापरा. झिंक डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून द्या : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलांना 20, असं 10 ते 14 दिवस. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करायचं. शौचात रक्त, डोळे खोल जाणं, मूल सुस्त होणं, लघवी बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. दुकानात मिळणाऱ्या गोड पेयाच्या खोक्यावरच्या नावाला फसू नका. सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात ओआरएस वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये आहे, उज्जैनचा 2028 मध्ये. दोन्हीकडे आपल्या भागातून गाड्या भरून माणसं जाणार. स्नान करा, पण डुबकी मारताना पाणी तोंडात जाऊ देऊ नका, अंगावर उघडी जखम असेल तर नदीत उतरू नका, आणि प्यायचं पाणी वेगळं न्या. लहान मूल सोबत असेल तर पिशवीत जलसंजीवनीची चार पाकिटं टाकाच.